स्वयंचलित प्रोग्रामिंगची वाटचाल : फोर्ट्रान ते कृत्रिम बुद्धिमत्ता सहायक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी त्याला आज्ञावली लिहून द्यावी लागते. हे लेखन कष्टाचे, वेळखाऊ आणि चुकांना सतत वाव देणारे असते. त्यामुळे आज्ञावली लिहिण्याचे कामही संगणकावरच सोपवावे, ही आकांक्षा संगणकाच्या जन्मानंतर काही वर्षांतच निर्माण झाली. जून २०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला प्रोग्रामिंग सहायक मर्यादित वापरासाठी उपलब्ध झाला, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वसामान्यांच्या हाती आले. तेव्हापासून या आकांक्षेची पूर्ती झाली असे मानणारा एक पक्ष आणि हा सारा तात्पुरता गाजावाजा आहे असे मानणारा दुसरा पक्ष, असे दोन तट पडलेले दिसतात. या दोन्ही पक्षांना इतिहासाचे विस्मरण झालेले आहे. प्रोग्रामरची गरज संपत आल्याची घोषणा यापूर्वीही अनेकदा झाली आहे. त्याचबरोबर अशा प्रत्येक घोषणेमागील साधनाने प्रोग्रामिंगच्या स्वरूपात काही ना काही खरा बदल घडवून आणला, हेही तितकेच खरे आहे.

प्रस्तुत निबंधात १९४९ पासूनच्या या वाटचालीचा आढावा घेऊन, आजच्या सहायकांची उपयुक्तता आणि मर्यादा त्या पार्श्वभूमीवर तपासण्यात आल्या आहेत.

उद्दिष्टे :

१) आज्ञावलीलेखन यंत्रावर सोपविण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यावर कोणते काम यंत्राकडे गेले व कोणते माणसाकडे राहिले, हे निश्चित करणे.
३) कृत्रिम बुद्धिमत्ता सहायकांविषयी प्रसिद्ध झालेल्या प्रमुख अभ्यासांच्या आधारे त्यांचे मूल्यमापन करणे.
४) महाविद्यालयीन संगणकशिक्षणाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ लावणे.

व्याप्ती व पद्धती :

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन प्रोग्रामिंगपुरते मर्यादित आहे. चित्रनिर्मिती, भाषांतर आदी क्षेत्रांतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार येथे केलेला नाही.

१. यंत्रभाषेचा काळ :

केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. त्याच वर्षी या प्रकल्पाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना एक जाणीव झाली आणि पुढे आपल्या आठवणींत त्यांनी तिची नोंद केली. स्वतः लिहिलेल्या आज्ञावल्यांतील चुका शोधण्यातच आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडणार आहे, हे त्यांच्या लक्षात आले. संगणकाच्या इतिहासात या जाणिवेला महत्त्व आहे. यंत्र तयार झाले की पुढचे काम सोपे, अशी तोवरची समजूत होती. प्रत्यक्षात लिहिणे आणि लिहिलेले बरोबर आहे याची खात्री करणे ही दोन वेगळी कामे असून दुसरे काम अधिक अवघड आहे, हे येथे प्रथमच स्पष्ट झाले.

यावरचा पहिला उपाय पुनर्वापराचा होता. वारंवार लागणारे आज्ञांचे संच एकदा नीट तपासून साठवून ठेवावेत आणि गरजेनुसार जोडून घ्यावेत, या कल्पनेतून एडसॅकच्या उपकार्यांचे ग्रंथालय उभे राहिले. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी १९५१ मध्ये त्याविषयी पुस्तकही प्रसिद्ध केले. तपासलेले तेच पुन्हा वापरावे, हे त्या ग्रंथालयाचे तत्त्व होते. आजच्या सहायकांचा विचार करताना या तत्त्वाकडे पुन्हा वळावे लागते.

२. कंपायलरचा उदय आणि फोर्ट्रान :

अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ‘ए-०’ ही प्रणाली तयार केली. साठवलेली उपकार्ये शोधून, त्यांची योग्य जुळणी करून संपूर्ण आज्ञावली तयार करण्याचे काम ती करीत असे. या प्रकाराला त्या काळी ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ असे नाव मिळाले. मे १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाने याच नावाने वॉशिंग्टन येथे परिषद भरविली. म्हणजे आज ज्याला आपण कंपायलर म्हणतो आणि ज्याच्या अस्तित्वाची दखलही घेत नाही, ते साधन त्या पिढीच्या दृष्टीने स्वतःच आज्ञावली लिहिणारे यंत्र होते.

याच सुमारास आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली फोर्ट्रान भाषेचे काम सुरू झाले. नोव्हेंबर १९५४ च्या प्राथमिक अहवालात या गटाने फोर्ट्रानमुळे संकेतलेखन आणि दोषशोधन ही दोन्ही कामे जवळजवळ नाहीशी होतील, अशी आशा व्यक्त केली होती. या आशेमागे आर्थिक कारण होते. संगणक चालविण्याच्या एकूण खर्चापैकी तीन चतुर्थांशापर्यंतचा वाटा आज्ञावली लिहिणे आणि तिच्यातील दोष काढणे यांवर जात होता. अनुभवी प्रोग्रामरांचा मात्र या प्रकल्पाला विरोध होता. हाताने लिहिलेल्या आज्ञांइतक्या कार्यक्षम आज्ञा यंत्र तयार करूच शकणार नाही, असे त्यांचे मत होते. यंत्रभाषेत पारंगत असलेल्या या मंडळींना बॅकस यांनी पुढे गूढ विद्येचे रक्षण करणाऱ्या पुरोहितवर्गाची उपमा दिली.

१९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रानचा कंपायलर ग्राहकांच्या हाती पडला. त्याच वर्षी बॅकस आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक उदाहरण दिले आहे. फोर्ट्रानचा एक दिवसाचा वर्ग केलेल्या एका प्रोग्रामरने चार तासांत ४७ विधानांची आज्ञावली लिहिली. कंपायलरने सहा मिनिटांत तिच्यापासून सुमारे १,००० यंत्राज्ञा तयार केल्या. उत्तर चुकीचे आले. त्याने निकालाचा अभ्यास केला, तेव्हा स्वतः लिहिलेल्या एका विधानात चूक असल्याचे त्याला आढळले. ते विधान बदलून आज्ञावली पुन्हा चालविल्यावर उत्तर बरोबर आले. हेच काम हाताने करण्यास तीन दिवस आणि शिवाय दोषशोधनाचा वेगळा वेळ लागला असता, असा त्याचा अंदाज होता.

या उदाहरणात वेळेच्या बचतीपेक्षा चुकीचे स्थान अधिक बोलके आहे. तयार झालेल्या हजार यंत्राज्ञा त्या प्रोग्रामरला वाचाव्या लागल्या नाहीत. चूक आपल्या ४७ विधानांपैकीच एखाद्यात असणार, असे गृहीत धरून तो शोध घेऊ शकला. अनुवाद ठरलेल्या नियमांनी होत होता. अनुवादकात दोष निघालाच, तर तो एकदा दुरुस्त केला की सर्वांसाठी दुरुस्त होत होता. संकेतलेखनाचे ओझे यंत्राने उचलले, ते या विश्वासाच्या बळावर. दोषशोधन मात्र नाहीसे झाले नाही. ते यंत्राज्ञांच्या पातळीवरून माणसाच्या विधानांच्या पातळीवर आले, म्हणजेच माणसाला पेलेल अशा जागी आले.

३. भारतातील स्थित्यंतर :

हे स्थित्यंतर भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जवळून पाहता येते. या संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभारला होता. त्यावर काम करणाऱ्यांना यंत्राच्या रचनेशी थेट परिचय ठेवूनच आज्ञावली लिहावी लागे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि फोर्ट्रानमधून काम करणे शक्य झाले. तत्पूर्वी १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक आला होता आणि तेथे फोर्ट्रानचे अध्यापन सुरू झाले होते. यंत्रभाषेची अट दूर झाल्यामुळे भौतिकी, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र अशा विषयांचे अभ्यासक स्वतः आज्ञावली लिहू लागले. प्रोग्रामरांची संख्या घटण्याऐवजी प्रोग्रामिंग करणाऱ्यांचे वर्तुळ विस्तारले. स्वयंचलनाच्या पुढच्या टप्प्यांवरही हाच अनुभव येत गेला.

४. अपेक्षांची पुनरावृत्ती आणि तिचे टीकाकार :

१९६० पासून उपलब्ध झालेल्या कोबोल भाषेची रचना इंग्रजी वाक्यांशी मिळतीजुळती ठेवण्यात आली होती. व्यवस्थापकांनाही आज्ञावली वाचता यावी, ही त्यामागील एक अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोबोल लिहिणाऱ्यांचा एक स्वतंत्र आणि मोठा व्यवसायच उभा राहिला. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत मोठ्या आज्ञावल्या वेळेत आणि निर्दोष तयार होत नसल्याची चिंता मांडली गेली. उच्चस्तरीय भाषा येऊन दशक लोटले होते, तरीही अडचण कायम होती. यावरून संकेतलेखन ही मूळ अडचण नव्हतीच, असा निष्कर्ष निघतो.

१९८० च्या दशकाच्या आरंभी ‘चौथ्या पिढीच्या भाषां’चा मोठा बोलबाला झाला. जेम्स मार्टिन यांनी तर प्रोग्रामरांवाचून प्रणाली विकसित करता येतील, या आशयाचे पुस्तकच लिहिले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत चार्ल्स रिच आणि रिचर्ड वॉटर्स यांनी प्रोग्रामरचा ‘शागीर्द’ म्हणून काम करील अशा प्रणालीचा प्रकल्प चालविला. प्रोग्रामरची जागा घेण्याऐवजी त्याला साहाय्य करावे, ही आजच्या सहायकांची भूमिका त्या प्रकल्पात आधीच दिसते. भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संशोधन केंद्रातही आराखड्यावरून आज्ञावली निर्माण करणाऱ्या साधनांवर पुढे काम झाले.

या काळात चार विचारवंतांनी मांडलेले मुद्दे आजही लागू पडतात. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७८ च्या सुमारास नैसर्गिक भाषेतून प्रोग्रामिंग करण्याच्या कल्पनेवर टीका केली. काटेकोर चिन्हभाषा ही अडचण नसून सोय आहे, कारण बोलीभाषेत सहज खपून जाणारी निरर्थक विधाने तिच्यात करता येत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. डेव्हिड पार्नास यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, उपलब्ध भाषेपेक्षा वरच्या स्तरावरील भाषेत प्रोग्रामिंग करणे यालाच प्रत्येक पिढी ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ असे म्हणत आली आहे. त्याच वर्षी पीटर नाऊर यांनी आज्ञावली म्हणजे केवळ लिखित मजकूर नसून ती घडविणाऱ्यांच्या मनात तयार झालेले आकलन होय, असे मांडले. ते आकलन असणारी माणसे विखुरली की मजकूर शिल्लक राहूनही आज्ञावली मृत होते, असे त्यांचे मत होते. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरनिर्मितीतील अडचणींचे मूलभूत आणि आनुषंगिक असे दोन प्रकार केले. भाषा व साधने आनुषंगिक अडचणी दूर करतात. नेमके काय हवे हे ठरविण्याची मूलभूत अडचण मात्र त्यांनी दूर होत नाही.

५. कृत्रिम बुद्धिमत्ता सहायकांचे आगमन :

२०२१ नंतरच्या सहायकांची कार्यपद्धती पूर्वीच्या सर्व साधनांहून वेगळी आहे. कंपायलर व्याकरणाच्या नियमांनुसार अनुवाद करतो. सहायकामागील भाषाप्रारूप प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित केलेले असते आणि दिलेल्या मजकुरानंतर काय येण्याची शक्यता अधिक आहे, याच्या अंदाजावर ते पुढील मजकूर रचते. कोपायलटशी संबंधित ‘कोडेक्स’ या प्रारूपाविषयीचा निबंध जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटहबवरील ५ कोटी ४० लाख सार्वजनिक भांडारांतून घेतलेल्या १५९ गिगाबाइट पायथॉन मजकुरावर ते प्रशिक्षित होते. १६४ प्रश्नांच्या चाचणीत पहिल्याच प्रयत्नात २८.८ टक्के प्रश्न त्याने अचूक सोडविले. प्रत्येक प्रश्नासाठी शंभर उत्तरे तयार करू दिल्यास त्यांपैकी किमान एक बरोबर असण्याचे प्रमाण ७०.२ टक्क्यांवर गेले.

या दोन आकड्यांतील अंतर अर्थपूर्ण आहे. बरोबर उत्तर अनेकदा तयार होत होते, परंतु शंभरांतील ते कोणते, हे ओळखण्यासाठी स्वतंत्र चाचणी हाताशी असावी लागत होती. विल्क्स यांना १९४९ मध्ये जाणवलेला प्रश्न अशा रीतीने नव्या रूपात समोर आला.

त्यानंतरची प्रगती वेगवान आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘एसडब्ल्यूई-बेंच’ ही चाचणी मांडली गेली. तिच्यात १२ प्रत्यक्ष पायथॉन प्रकल्पांतील २,२९४ अडचणी होत्या. त्या वेळच्या उत्तम प्रारूपाला त्यांपैकी दोन टक्केही सोडविता आल्या नाहीत. याच संचातून माणसांनी पडताळून निवडलेल्या ५०० अडचणींच्या चाचणीत २०२५ मध्ये अग्रगण्य प्रारूपांनी ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. दोन्ही संच एकच नसल्याने हे आकडे थेट तोलता येत नाहीत, तरी झेप मोठी आहे हे निर्विवाद. ओळ पूर्ण करून देणाऱ्या साधनापासून फायली वाचणे, बदल करणे, चाचण्या चालविणे अशी कामे क्रमाने पार पाडणाऱ्या साधनापर्यंत हा प्रवास चार वर्षांत झाला.

६. उपयुक्तता :

या साधनांची उपयुक्तता नाकारणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात ९५ व्यावसायिक प्रोग्रामरांना जावास्क्रिप्टमध्ये एक वेब सर्व्हर तयार करण्याचे काम देण्यात आले. कोपायलट वापरणाऱ्या गटाने ते ५५.८ टक्के कमी वेळात पूर्ण केले. तीन कंपन्यांतील ४,८६७ प्रोग्रामरांवर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी झालेल्या प्रयोगांत पूर्ण झालेल्या कामांची संख्या सरासरी सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. अनुभवाने नवख्या असलेल्यांना लाभ अधिक झाला.

ज्या कामाचे नमुने असंख्य वेळा लिहिले गेले आहेत, ते काम हे सहायक उत्तम करतात. फाइल वाचणे, माहिती एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणे, अर्ज भरण्याचे पडदे तयार करणे, चाचण्यांचा प्राथमिक मसुदा लिहिणे, अपरिचित भाषेची वाक्यरचना दाखविणे ही त्याची उदाहरणे होत. ब्रुक्स यांच्या परिभाषेत सांगायचे तर आनुषंगिक अडचणींचा मोठा भाग येथे दूर होतो. इंग्रजीचा अडसर असणाऱ्या विद्यार्थ्याला एखादी आज्ञावली काय करते हे मराठीतून विचारता येते आणि मराठीतून उत्तरही मिळते. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. रात्री वसतिगृहात अडलेल्या विद्यार्थ्याजवळ शंका विचारायला पूर्वी कोणी नसे.

७. मर्यादा :

पहिली मर्यादा शुद्धतेची आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांत कोपायलटकडून १,६८९ आज्ञावल्या तयार करून घेतल्या. त्यांपैकी सुमारे ४० टक्के आज्ञावल्यांत सुरक्षाविषयक दोष आढळले. ही साधने त्यानंतर सुधारली आहेत. परंतु दोषाचे कारण प्रशिक्षणाच्या मजकुरात दडलेले आहे. माणसांनी लिहिलेल्या मजकुरातील चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही प्रारूपाने उचललेल्या असतात. एडसॅकच्या ग्रंथालयात तपासून ठेवलेलेच वापरले जाई. येथे तपासलेले आणि न तपासलेले यांची सरमिसळ झालेली असते.

दुसरी मर्यादा आत्मविश्वासपूर्ण कल्पितांची. अस्तित्वात नसलेल्या सॉफ्टवेअर संचांची नावे हे सहायक बेधडक सुचवितात. १६ प्रारूपांकडून ५ लाख ७६ हजार नमुने तयार करून घेतलेल्या एका अभ्यासात अशी २,०५,४७४ वेगवेगळी काल्पनिक नावे आढळली. एखाद्या दुष्प्रवृत्त व्यक्तीने त्याच नावाने घातक संच प्रसिद्ध करून ठेवला, तर सहायकावर विसंबलेला प्रोग्रामर तो स्वतःच्या हाताने आपल्या यंत्रात आणून बसवील, हा त्यातील खरा धोका आहे.

तिसरी मर्यादा वापरणाऱ्याच्या आकलनाशी निगडित आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ४७ सहभागींच्या अभ्यासात सहायक वापरणाऱ्यांनी कमी सुरक्षित आज्ञावल्या लिहिल्या. आपण लिहिलेले सुरक्षित आहे, असा विश्वास मात्र त्यांनाच अधिक वाटत होता. जुलै २०२५ मध्ये ‘मीटर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामर आणि त्यांच्या स्वतःच्या परिचित प्रकल्पांतील २४६ कामे यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहायकामुळे २४ टक्के वेळ वाचेल, असा त्यांचा पूर्वअंदाज होता. काम संपल्यावर २० टक्के वेळ वाचला, असे त्यांना वाटले. मोजणी केली असता १९ टक्के जास्त वेळ लागल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष २०२५ च्या आरंभीच्या साधनांपुरता आणि आपला प्रकल्प अंतर्बाह्य जाणणाऱ्या तज्ज्ञांपुरता आहे. सर्वांना तो लागू करणे योग्य होणार नाही. तथापि वेग वाढल्याची भावना आणि वेग वाढणे या भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून निश्चित होते.

नवख्याला अधिक लाभ आणि परिचित प्रकल्पातील तज्ज्ञाला तोटा, ही वरवर विसंगत दिसणारी निरीक्षणे नाऊर यांच्या विवेचनाने सुसंगत ठरतात. तज्ज्ञाच्या मनात प्रकल्पाचे आकलन आधीच असते. सहायकाला ते समजावून सांगणे आणि त्याचे लेखन त्या आकलनाशी ताडून पाहणे, यापेक्षा स्वतः लिहिणे त्याला सोपे जाते. नवख्याजवळ ते आकलन नसल्याने तयार मजकूर मिळणे हाच लाभ ठरतो. परंतु तो मजकूर स्वीकारताना आकलन तयार होण्याची प्रक्रिया टळली, तर आजचा लाभ उद्याची उणीव होऊन बसते.

१९५७ च्या त्या प्रोग्रामरशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. त्याला चूक स्वतःच्या ४७ विधानांत शोधायची होती. आजच्या प्रोग्रामरला ती अशा मजकुरात शोधावी लागते, जो त्याने लिहिलेला नाही आणि जो ठरावीक नियमांनी तयार झालेलाही नाही. तीच विनंती पुन्हा केली असता वेगळा मजकूर येऊ शकतो. दुसऱ्याच्या अक्षरातील हिशेब तपासण्यासारखे हे काम आहे, आणि हिशेब मांडणाऱ्याला आकड्यांमागचे व्यवहार ठाऊक असतीलच याची येथे खात्री नसते. पूर्वीच्या साधनांनी तपासणीचे काम माणसाच्या जवळ आणले, तर या साधनांनी ते पुन्हा दूर नेले.

८. महाविद्यालयीन शिक्षणाच्या संदर्भात :

ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सादर केलेल्या अभ्यासात प्रथम वर्षाच्या प्रोग्रामिंग परीक्षेचे प्रश्न कोडेक्सला दिले. ७१ विद्यार्थ्यांच्या गुणांशी तुलना करता त्याचा क्रमांक सतरावा आला. त्यानंतरची प्रारूपे कितीतरी अधिक सक्षम आहेत. तेव्हा प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत अचूक आज्ञावली असणे हा विद्यार्थ्याच्या आकलनाचा पुरावा आता उरलेला नाही, हे मान्य करावे लागते.

येथे लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये औद्योगिक स्वयंचलनाविषयी मांडलेला विरोधाभास लागू पडतो. नेहमीचे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे फक्त देखरेख आणि अपवादात्मक अडचणी उरतात. त्या हाताळण्याचे कौशल्य मात्र नेहमीच्या कामातूनच अंगी बाणत असते. प्रोग्रामिंगच्या बाबतीत साधे लूप, क्रमवारी लावणे, फाइल हाताळणे हे पाठ व्यवसायातील गरजेपोटी दिले जात नाहीत. दुसऱ्याचा मजकूर वाचून त्यातील खोट ओळखण्याची नजर त्यांतून तयार होते. सहायकाने हे पाठ सोडवून दिले, तर ज्या तपासणीसाठी माणसाची गरज राहणार आहे, तिच्यासाठी लागणारा माणूसच घडणार नाही.

बंदी हा यावरचा पुरेसा उपाय नाही. पदवीनंतर विद्यार्थी जेथे कामाला जाणार तेथे ही साधने वापरात आहेत. पहिल्या सत्रांत हाताने लिहिणे आणि तोंडी परीक्षा यांवर भर, नंतरच्या सत्रांत सहायकाने लिहिलेल्या मजकुरातील दोष शोधणे, त्यासाठी चाचण्या रचणे आणि गरजांचा नेमका आराखडा लिहिणे यांना गुण, असा क्रम या इतिहासाशी सुसंगत ठरतो. यामुळे अध्यापकाचे काम हलके होत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला स्वतःची आज्ञावली समजावून सांगायला लावणे हे नोंदवह्या तपासण्यापेक्षा अधिक वेळ घेणारे आहे. कार्यभाराच्या गणितात या वेळेची नोंद होणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१) आज्ञावलीलेखन यंत्रावर सोपविण्याची आकांक्षा १९५० च्या दशकापासून सातत्याने दिसते. कृत्रिम बुद्धिमत्ता सहायक हा त्या परंपरेतील पुढचा टप्पा आहे.
२) प्रत्येक टप्प्यावर संकेतलेखनाचा काही भाग यंत्राकडे गेला. काय हवे ते ठरविणे आणि मिळालेले तपासणे ही कामे माणसाकडेच राहिली.
३) कंपायलर नियमबद्ध असल्याने त्याचे लेखन तपासण्याची गरज उरली नाही. सहायक संभाव्यतेवर चालत असल्याने त्याच्या बाबतीत ही गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.
४) परिचित स्वरूपाच्या कामात सहायकांची उपयुक्तता सिद्ध झाली आहे. वापरणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र त्या उपयुक्ततेचे विश्वसनीय माप नाही.
५) तपासणीची क्षमता लेखनाच्या सरावातून येते. तो सराव टिकवून ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने महाविद्यालयांवर येते.

समारोप :

फोर्ट्रानला विरोध करणारे प्रोग्रामर चुकले, कारण यंत्राला चांगल्या आज्ञा लिहिता येणारच नाहीत असे ते मानत होते. फोर्ट्रानमुळे दोषशोधन संपेल असे मानणाऱ्यांचा अंदाजही चुकला. आजच्या वादातील दोन्ही पक्ष हीच दोन मते नव्या शब्दांत मांडत आहेत. सहायक लिहू शकतो, आणि दिवसेंदिवस अधिक चांगले लिहील. लिहिलेल्याबद्दल तो उत्तरदायी मात्र असत नाही. रुग्णालयातील औषधाची मात्रा, बँकेतील खात्याची शिल्लक किंवा विद्यापीठाच्या निकालातील गुण चुकल्यास ‘असे का झाले’ या प्रश्नाचे उत्तर कोणातरी माणसालाच द्यावे लागते. ते उत्तर देता येईल इतके आकलन ज्याच्याजवळ आहे, तो खरा प्रोग्रामर, मग त्यातील ओळी कोणीही लिहिलेल्या असोत.